मैदान सर्वांचे, पण फाटक कोणाचे?

(संस्थेच्या वार्षिक क्रीडामहोत्सवाच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण)



बक्षीस समारंभाच्या पाहुण्याने काय बोलावे हे जवळजवळ ठरलेले असते. निरोगी शरीराचे महत्त्व, खिलाडूवृत्ती, हार-जीत समान मानणे वगैरे. ते सर्व खरे आहे, परंतु तुम्ही ते दरवर्षी ऐकता आणि मुलांना तर पाठही झाले असेल. म्हणून आज मी खेळणाऱ्यांविषयी थोडे आणि खेळ पाहणाऱ्यांविषयी अधिक बोलणार आहे. पाहणाऱ्यांपैकीही जे आज ह्या मंडपात आलेले नाहीत, त्यांच्याविषयी. माझी सगळी नोकरी इमारतींच्या कामात गेली. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी पायऱ्या मोजते. सवयच म्हणा.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख लोक अपंग म्हणून नोंदले गेले. शंभरात दोनाहून थोडे अधिक. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्याच गणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख भरली. देशाचे प्रमाण जिल्ह्याला लावून पाहिले, तर पंचवीस हजारांच्या वर माणसे निघतात. हा माझा त्रैराशिकाचा हिशोब आहे, गणनेचा आकडा नव्हे. पण ताळा पाहायला तो पुरे. म्हणजे हजार माणसांच्या गर्दीत वीस-बावीस तरी अशी दिसायला हवीत. तुमच्या गावच्या कबड्डीच्या सामन्यांत अशी किती दिसतात, ते तुम्हीच आठवून पाहा.

पूर्वी आपण ‘अपंग’ म्हणत होतो. आता सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ आहे, आणि २०२२ मध्ये महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र खातेही काढले. शब्द बदलला ते चांगलेच झाले. पायऱ्या मात्र बहुतेक ठिकाणी होत्या तितक्याच आहेत.

आता मुलांसाठी एका माणसाची हकीकत सांगतो. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये, आणि अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत. दरम्यान अर्धे शतक निघून गेले होते. ह्यावर मी वेगळे भाष्य करत नाही.

मला सांगायची आहे ती ह्या हकीकतीची दुसरी बाजू. १९७२ चे ऑलिंपिक म्युनिक शहरात झाले. मग त्याच वर्षी, त्याच देशात, अपंगांचे सामने हायडेलबर्गला का? तर म्युनिकमध्ये खेळाडूंसाठी बांधलेली घरे सामन्यानंतर लगेच खाजगी निवासासाठी द्यायची होती; अपंग खेळाडूंना ती मोकळी नव्हती. त्याआधी १९६० मध्ये रोम येथे पहिले पॅरालिंपिक भरले. तेथे खेळाडूंसाठी जी घरे मिळाली ती खांबांवर उभारलेली होती आणि वर जायला जिने. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या चारशेच्या आसपास खेळाडूंना इटलीच्या सैनिकांनी उचलून वर नेले आणि उचलून खाली आणले. ज्या माणसाने भालाफेकीत मोठमोठ्यांना मागे टाकावे, त्याने न्याहारीला जाण्यासाठी दोन जवानांच्या हातांची वाट पाहावी! सैनिकांच्या सौजन्याबद्दल वाद नाही. घर बांधणाऱ्याच्या आणि घर निवडणाऱ्याच्या डोक्यात मात्र तो खेळाडू नव्हता.

आपल्याकडेही उचलणारे हात भरपूर आहेत. मोहल्ल्यात कोणी अडला तर चार तरुण धावत येतात. ही आपली चांगली सवय आहे आणि ती जाऊ नये. परंतु ह्याच सवयीमुळे पायऱ्यांचा प्रश्न आपल्याला प्रश्न वाटत नाही. ‘अहो, आम्ही उचलून आणू की!’ असे म्हटले की समिती मोकळी. ज्याला उचलतात त्याच्याकडून एकदा विचार करा. सामना पाहायला जायचे तर आधी चार माणसांची सोय लावायची. मध्येच लघवीला जायचे झाले तर त्यांना सामन्यातून उठवायचे. कंटाळा आला, थंडी वाजली, तरी ते निघतील तेव्हाच निघायचे. वयात आलेल्या मुलीला तर परक्या हातांनी उचललेले घरच्यांना आणि तिलाही चालणार नाही. म्हणून ती येत नाही. चार वेळा हे झाले की माणूस पाचव्या वेळी म्हणतो, ‘तुम्ही जा, मला खेळाची आवड नाही.’ आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो, कारण तो आपल्याला सोयीचा असतो.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याच्या तिसाव्या कलमात क्रीडास्थळांपर्यंत पोहोचण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे. त्यानंतर आपला २०१६ चा कायदा आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ह्यात एकवीस आहेत. सार्वजनिक इमारतीची ह्या कायद्यातील व्याख्या पालकांनी आणि संस्थाचालकांनी नीट लक्षात घ्यावी. इमारत सरकारी असो वा खाजगी, लोक तिचा वापर करत असतील तर ती सार्वजनिक. त्यात शाळा आहेत, मनोरंजनाची ठिकाणे आहेत, प्रार्थनास्थळेही आहेत. तेव्हा ‘आमची संस्था खाजगी आहे’ हे उत्तर चालत नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुधारण्यासाठी नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे. मुदत २०२२ मध्ये संपून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. सुगम्यतेची मानके नुसत्या शिफारशींसारखी ठेवता येणार नाहीत, त्यांतील किमान गोष्टी बंधनकारक कराव्या लागतील, असे म्हणून केंद्र सरकारला तसे नियम करण्यास सांगितले. हा खटला २००५ मध्ये दाखल झाला होता. आता इतके सांगून मी कायदा बाजूला ठेवतो, कारण दंडाच्या भीतीने बांधलेला उतार कसा असतो ते मी पाहिलेले आहे.

तो कसा असतो? गवंड्याला सांगितले की एक उतार करून दे, तर तो मोटारसायकल चढवायचा उतार करून देतो. दीड फूट उंची आणि चार फूट लांबी. त्यावरून गाडी धडाधड वर जाते, पण चाकाची खुर्ची मागे कलंडते. नियम साधा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर दीड फूट झाले, म्हणजे अठरा फुटांचा उतार हवा. जागा नसेल तर वळवून घ्यावा, वळणावर सपाट ओटा ठेवावा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि पृष्ठभाग खरबरीत. चकचकीत फरशी लावली की पावसाळ्यात धडधाकट माणूसही घसरतो. मुलांनो, हे गणित तुम्हाला येते. कर्ण आणि पाया तुम्ही वर्गात शिकता, त्याचा उपयोग येथे आहे.

आता कल्पनेने एका क्रीडांगणाचा फेरफटका मारू. ते भंडाऱ्याचे जिल्हा क्रीडा संकुल समजा, तुमसर-साकोलीकडचे एखादे तालुका संकुल समजा, नाही तर आपल्याच शाळेचे मैदान समजा.

प्रथम फाटक. गुरे आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी आडवेतिडवे पाइप किंवा फिरते फाटक लावलेले असते. गाय बाहेर राहते आणि तीनचाकी सायकलवाला माणूसही बाहेर राहतो. सरकारी नकाशांत सगळी मापे चाकाच्या खुर्चीची असतात, ही माझी एक जुनी तक्रार आहे. आपल्या खेड्यापाड्यांत चालते ती हाताने फिरवायची तीनचाकी. ती खुर्चीपेक्षा लांब, वळायला जास्त जागा घेणारी. तीन फुटांच्या दारातून खुर्ची जाईल, तीनचाकीला अधिक लागेल. मुंबईत पदपथांवर उभारलेल्या खुंटांमुळे खुर्ची जात नाही, ह्या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. आपल्याकडे कोर्टात जाण्याचीही गरज नाही. फाटकाच्या बाजूला एक रुंद झडप ठेवून सामन्याच्या दिवशी तेथे स्वयंसेवक उभा केला की झाले.

फाटकातून आत आल्यावर वाट. आपला धानाचा मुलूख. जमीन ओलसर, चिखल धरणारी. सामने बहुधा धान निघाल्यावर, हिवाळ्यात होतात. तेव्हा वरून कोरडे दिसते, पण ढेकळे आणि जुने बांध असतात. चाक त्यात रुतते, कुबडीचे टोक त्यात जाते. मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून पाच फुटांची एक पट्टी फाटकापासून मैदानाच्या कडेपर्यंत केली, तर तेवढ्याने काम होते. खेळाच्या जागेवर आपण फक्कीच्या रेषा किती काळजीने मारतो! तशीच एक रेषा ह्या वाटेच्या दोन्ही कडांना मारली, तर ज्यांना अंधुक दिसते त्यांनाही ती वाट सापडेल.

मग बसण्याची जागा. येथे पुष्कळ चांगली माणसेही चुकतात. अपंगांसाठी जागा राखून ठेवतात, पण कोठे? अगदी शेवटी, भिंतीजवळ, ‘त्रास होऊ नये म्हणून’. किंवा अगदी पुढे, जमिनीवर. आणि चढाई रंगात आली की मागचे-पुढचे सगळे उभे राहतात. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतात. त्याला दिसतात ते शर्ट आणि पाठी. वॉशिंग्टनमधील एका नव्या बंदिस्त क्रीडागृहाबद्दल १९९७ मध्ये अमेरिकेत हाच वाद अपील न्यायालयापर्यंत गेला होता. जायबंदी झालेल्या माजी सैनिकांची संघटना भांडत होती. पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी खुर्चीवरच्या माणसाला खेळ दिसला पाहिजे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. आपल्याला त्यासाठी क्रीडागृह नको. दोन-अडीच फूट उंचीचा एक भक्कम ओटा, त्याला मघाशी सांगितलेल्या प्रमाणाचा उतार, कडेला कठडा, आणि पुढची दहा फूट जागा दोरी बांधून मोकळी. त्या ओट्यावर सोबतच्या माणसालाही जागा हवी. भाऊ एकीकडे आणि त्याची खुर्ची दुसरीकडे, असा सामना कोणाला गोड लागत नाही.

जो पाहू शकत नाही, त्याचे काय? ह्या बाबतीत खेड्यातील कबड्डी शहरातल्या स्टेडियमच्या पुढे आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे कर्ण्यावरून समालोचन चालते. कोण चढाईला गेला, कोणी पाय धरला, कोण बाद झाला, सगळे कानावर पडते. अंध माणूस तो सामना जवळजवळ पूर्ण ऐकतो. फक्त समालोचकाने अधूनमधून गुणसंख्या सांगायला विसरू नये, आणि देणगीदारांची नावे चढाई चालू असताना वाचू नयेत. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी उलट आहे. पंचाची शिट्टी त्याला कळत नाही, म्हणून गुणफलक मोठा, ठळक आणि वेळच्या वेळी बदललेला असावा. एका फळ्याची आणि एका जागरूक विद्यार्थ्याची ही गोष्ट आहे.

ह्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आवर्जून बोलली पाहिजे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आहे हे आपल्याला माहीत आहे. २०१६ च्या कायद्याच्या एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे. तो मुलगा दिसायला तुमच्या-आमच्यासारखा, त्याला ना कुबडी ना खुर्ची. परंतु ऊन, तहान, थंडी, अतिश्रम ह्यांनी त्याच्या अंगात असह्य कळा सुरू होऊ शकतात. त्याच्यासाठी सुगम मैदान म्हणजे उतार नव्हे; सावली, पिण्याचे पाणी, बसायला जागा, आणि ‘नाटक करतोस का?’ असे न म्हणणारे शिक्षक. क्रीडादिनी संचलनासाठी मुलांना दोन तास उन्हात उभे करण्याची प्रथा आहे. पाहुणे उशिरा येतात, हे मी पाहुणा असूनच सांगतो. ती प्रथा बंद करायला एक रुपयाही लागत नाही.

आता संडास. समारंभात हा विषय काढू नये असा संकेत आहे, पण मी काढणार. मैदानावर जायचे म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाया तुमच्या घरात आहेत. धडधाकट बायकांची ही स्थिती, तर जिला उकिडवे बसता येत नाही तिची काय असेल? एक तरी संडास असा असावा की ज्याचे दार तीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारे आहे, आत खुर्ची वळेल इतकी म्हणजे पाच फुटांची मोकळी जागा आहे, बसायला कमोड आहे आणि भिंतीला धरायला मजबूत दांडी आहे. आणि त्याला कुलूप लावून किल्ली शिपायाकडे ठेवू नये. शिपाई सामना पाहत असतो.

नेहमीचा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘साहेब, येतात किती? दोन जणांसाठी एवढा खर्च?’ हा आक्षेप उलटा आहे. नदीवर पूल नसताना काठावर उभे राहून मोजले आणि म्हटले की पलीकडे कोणी जातच नाही, मग पूल कशाला? तसे हे आहे. आपण वैनगंगेच्या काठची माणसे. पुलाचा हिशोब आपल्याला समजावून सांगायला नको. शिवाय तो उतार दोघांचा राहत नाही. गुडघे गेलेल्या दादीजान, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले नाना, कडेवर मूल असलेली आई, प्लास्टर घातलेला आपलाच कबड्डीपटू, सगळे त्यावरून येतात. आपल्या देशातून पोलिओ गेला, २०१४ मध्ये तसे जाहीर झाले. परंतु रस्त्यावरचे अपघात आणि मधुमेहाने कापावे लागलेले पाय गेलेले नाहीत. आज जो पायऱ्या दोन-दोन चढतो त्याने ह्या विषयाकडे परक्यासारखे पाहू नये.

पैशाचे म्हणाल, तर नव्याने बांधताना हे केले की खर्च फार वाढत नाही. मोडून पुन्हा करायला लागला की वाढतो. राज्य शासनाने २०२२ मध्ये क्रीडा संकुलांच्या अनुदानाची मर्यादा वाढवली; तालुक्यासाठी एक कोटीवरून पाच कोटी, जिल्ह्यासाठी आठवरून पंचवीस कोटी. आपल्या जिल्ह्यात सात तालुके आहेत. ह्या पैशांतून जेथे जेथे काही उभे राहील, तेथे नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो पाहायला मागणारे चार पालक असावेत. ओटा कोठे, उतार किती, संडास कोणता, एवढे तीन प्रश्न विचारावेत. विचारायला अभियंता असावे लागत नाही.

आणि आता थोडे ह्या व्यासपीठाविषयी. मघाशी मी चढलो तेव्हा मोजल्या, पाच पायऱ्या आहेत. उद्या आपल्या शाळेतील एखाद्या मुलीने गोळाफेकीत बक्षीस मिळवले आणि ती खुर्चीवर असेल, तर आपण काय करू? पाहुणे खाली उतरतील, खाली बक्षीस देतील, टाळ्या दुप्पट वाजतील, छायाचित्र निघेल. हेतू चांगलाच असेल. पण इतर सगळ्यांनी वर जाऊन बक्षीस घेतले आणि आपण खाली घेतले, हे त्या मुलीच्या लक्षात राहील. हे मी हवेत बोलत नाही. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये उद्घाटनाला भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांपैकी एक होती नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव, बसून गोळा फेकणारी. त्याच पॅरिसमध्ये सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्यपदक घेतले. भारताची एकूण पदके एकोणतीस झाली. ही मुले गावातल्या मैदानांवरूनच आलेली आहेत. ज्या मुलाला मैदानात प्रेक्षक म्हणूनही येता आले नाही, तो खेळाडू होण्याचे स्वप्न कोठे बसून पाहणार?

अध्यक्षसाहेबांची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना एक काम देतो. आठवी-नववीच्या मुलामुलींनी मोजपट्टी घेऊन ह्या रविवारी आपल्या मैदानाची मापे घ्यावीत. फाटकाची रुंदी, वाटेतील प्रत्येक पायरीची उंची, संडासाचे दार, ह्या व्यासपीठाची उंची, पाण्याच्या नळाची उंची. आपल्या शाळेत किंवा मोहल्ल्यात जो कोणी कुबडीने वा खुर्चीने वावरतो, त्याला सोबत घ्यावे आणि तोंडी तोच सांगेल तसे लिहावे; आपले शहाणपण त्यात घालू नये. तो कागद मुख्याध्यापकांकडे द्यावा आणि संस्थेच्या पुढच्या सभेत तो वाचला जावा. फाटकाची झडप, मुरमाची वाट आणि व्यासपीठाचा लाकडी उतार ही तीन कामे पुढच्या क्रीडामहोत्सवापूर्वी होण्यासारखी आहेत. लाकडी उताराची फळी कापताना सुताराला एकास बारा हे प्रमाण कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेत तर तो चार फुटांचीच करून आणेल.